खरं घड्याळ, उसनं नाव

सकाळी नऊ

माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर गेलं की पहिलं काम पेटीचं. काल सर्व्हिसिंग होऊन झाकण लावलेली घड्याळं त्या लाकडी पेटीत रात्रभर चालत असतात. एक डायल वर करून, एक डायल खाली, एक चावी खाली करून उभं. आडवं असताना घड्याळ एका वेगाने चालतं आणि उभं असताना दुसऱ्या, आणि माणसाचं मनगट दिवसभर दोन्ही करतं. म्हणून तपासणीच्या यंत्रावर रेघ सरळ आली, एवढ्यावर मी घड्याळ परत देत नाही. आज पेटीत एक एचएमटी जनता आहे. बारा तासांत सात सेकंद पुढे. गिऱ्हाईक म्हणजे हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आजोबा. त्यांना सात सेकंदही खपणार नाहीत. रेग्युलेटर केसभर मागे घेतो आणि पुन्हा पेटीत ठेवतो.

हुबळीच्या दुर्गद बैल बाजाराच्या आसपास नऊ वाजता भाजीवाल्यांची आणि कापडवाल्यांची बोलणी सुरू झालेली असतात, तरी माझ्या टेबलाशी एक शांतता असते. या वेळात मी फक्त जुनी घड्याळं हातात घेतो. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून इथे वर्कशॉप आहे, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मालात रेल्वेच्या घरचं बरंच काही असतं. वेस्ट एंडचा सोवार प्राइमा येतो, फावर ल्यूबा येतो, आणि एचएमटी तर येतच असतात.

जनताचं मशीन सावकाश चालतं. तासाला 18,000 ठोके, म्हणजे दिवसाला 4,32,000. सतरा ज्वेल, रोज हाताने चावी द्यायची, तारीख नाही, वार नाही. हिंदुस्थान मशीन टूल्सने 1961 मध्ये बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला तो जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून. पुढे 1978 मध्ये तुमकूरलाही कारखाना निघाला. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि तुमकूरच्या त्या जागेवर आता इस्रो आली आहे.

हे सांगण्याचं कारण असं की अस्सल-नकलीचा विषय निघाला की मला आधी जनता आठवतं. त्याच्या आतलं मशीन मुळात सिटिझनच्या नकाशावरचं. तरी त्याला नक्कल म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. सिटिझनने शिकवलं, मोबदला घेतला. एचएमटीने ते इथे घडवलं आणि डायलवर स्वतःचं नाव घातलं. बिघडलं तर कुणाकडे जायचं हे विकत घेणाऱ्याला ठाऊक होतं. मशीन कुणाचंही शिकता येतं. नाव मात्र आपलंच घालावं लागतं. दिवसभर माझ्या टेबलावर जे भांडण चालतं ते एवढ्यावरच चालतं.

दहा

एक मुलगा येतो. पंचविशीचा, नुकता साखरपुडा झालेला; बोटातली अंगठी अजून सैल आहे.

"काका, हे बघा की जरा. सेल संपला वाटतं. बंद पडलंय."

हातात देतो तो रोलेक्स सबमरीनर. म्हणजे डायलवर तसं छापलेलं आहे. सबमरीनरमध्ये सेल नसतो; ते हाताच्या हालचालीवर चालतं. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि तो त्याचा दोष नाही.

"कुणी दिलं?"

"मेव्हण्यांनी. दुबईहून आणलंय. ओरिजिनल आहे म्हणाले."

आयग्लास डोळ्याला लावतो. तारखेवरचं भिंग रोलेक्समध्ये आकडा अडीच पट मोठा दाखवतं. इथे तारीख जेमतेम फुगलेली दिसते. बाहेरची फिरती कडी फिरवली की थोडी हिंदकळते. मागचं झाकण काढलं तर रोटर सुटून केसला घासत होता, म्हणून घड्याळ थांबलेलं. स्क्रू बसवून यंत्रावर ठेवलं. ठोके 21,600. खऱ्या सबमरीनरचं मशीन तासाला 28,800 ठोके देतं, सेकंदाला आठ. हे सहा देतं. डोळा सरावलेला असेल तर यंत्रही लागत नाही, सेकंदकाट्याच्या चालीवरूनच कळतं.

मी त्याला सरळ सांगितलं. अशा वेळी आडवळण घेणं मला जमत नाही आणि घेऊही नये.

"मग मेव्हणे खोटं बोलले काय?"

"त्यांनाही कुणी फसवलं असेल. त्यांना आधी एकट्याला विचारा, चारचौघांत नको."

तो गप्प बसला. मग बाजारातले शब्द त्याने बाहेर काढले: फर्स्ट कॉपी, सेव्हन ए, मास्टर कॉपी. कॉलेजातल्या मित्रांकडे असतात म्हणाला. मग असा प्रश्न विचारला जो मला बरेच जण विचारतात आणि जो मी हलका समजत नाही. चांगल्या कॉपीत स्टील चांगलं असतं, काच नीलमण्याची असते, कडीही सिरॅमिकची असते. दिसायला तेच, वेळही बरोबर दाखवतं. मग कमी काय आहे?

कमी आहे ते जबाबदार माणूस. हे घड्याळ दोन वर्षांनी पुन्हा थांबेल. तेव्हा त्याचा सुटा भाग कोणत्या नावाने मागवायचा? ज्याने बनवलं त्याने आपलं नाव लपवलं आहे, आणि ज्याचं नाव लावलं आहे त्याने ते बनवलेलं नाही. डायलच्या खालच्या कडेला 'स्विस मेड' असं बारीक छापलेलं आहे. ते लिहायचा हक्क मिळवण्यासाठी 2017 पासून स्वित्झर्लंडच्या कायद्यानुसार घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग त्या देशात व्हावा लागतो. या घड्याळावर ते दोन शब्द शाईच्या थेंबाच्या किमतीत आले.

माझा दुकानातला नियम जुना आहे. नकली नावाचं घड्याळ आलं तर पट्टा जोडून देतो, सेल बदलतो, सुटलेला स्क्रू घट्ट करतो. पूर्ण सर्व्हिसिंग घेत नाही. आणि पावतीवर कंपनीचं नाव लिहीत नाही. 'स्टील ऑटोमॅटिक, डायलवर रोलेक्स असं छापलेलं' एवढंच लिहितो. कारण घड्याळवाल्याची पावती पुढे विक्रीच्या वेळी पुरावा म्हणून दाखवली जाते. ट्रेडमार्क कायदा 1999 चा आहे; खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं या दोन्हींना सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. मुलगा ते ऑनलाइन विकून मोकळा होईन म्हणत होता. त्याला हे कलम सांगितलं. त्याने घड्याळ खिशात घातलं, हातात नाही.

बारा

ऊन चढलं की गिऱ्हाईक कमी होतं, आणि जे येतं ते घाई नसलेलं येतं. एक ताई आल्या, केशवापूरहून. रुमालात गुंडाळलेलं वडिलांचं एचएमटी पायलट. काळा डायल, हिरवट चमकणारे आकडे. त्या चमकीचा आता तपकिरी चुरा झालेला. वडील गेल्यावर कपाटातून काढताना हातातून पडलं.

"मशीन चालू करा आणि डायल नवीन घाला. मुंबईहून मिळतो म्हणे. निळाही मिळतो."

मिळतो. हाच तर धंदा आहे. जुना डायल खरवडतात, रंग देतात, वर नव्याने 'पायलट', 'पॅराशॉक', '17 ज्वेल' असं छापतात. पायलट लाल करतात, पिवळा करतात, नारिंगी करतात. जगभर जुनी घड्याळं जमवणाऱ्यांत अशा मालाची मुंबईच्या नावाने बदनामी झाली आहे. सीकोच्या जुन्या ऑटोमॅटिक घड्याळांचंही तेच. त्यांच्या डायलच्या तळाशी सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत मशीनचा आणि डायलचा क्रमांक असतो. रंगवलेल्या डायलवर तो चुकीचा असतो किंवा नसतोच. मागच्या झाकणावर सहा आकडी क्रमांक असतो, त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. डायल सत्तरच्या दशकातला, झाकण नव्वदमधलं, मशीन तिसऱ्याच घड्याळाचं, अशी जोडकामं मी पाहतो.

रोलेक्सच्या कॉपीपेक्षा मला याचं दुःख जास्त आहे. कॉपी बनवताना मूळ वस्तू जागेवर राहते. इथे मूळ वस्तूच खरवडली जाते, आणि एकदा खरवडलेला डायल परत येत नाही. बेंगळुरूच्या कारखान्यात ज्याने तो छापला, त्याच्या हाताची शेवटची खूण जाते. आणि हे करणारे आपलेच कारागीर आहेत, हाताने चांगले. त्यांनी याच कसबाने स्वतःच्या नावाचे डायल केले असते तर मी पहिला गिऱ्हाईक झालो असतो.

ताईंना आयग्लास दिला. म्हटलं, बघा. वडिलांनी वर्षानुवर्षं घड्याळ डाव्या हाताला घातलं, त्या घामाने डायलची कड धुरकट झाली आहे. बारा आणि एक यांच्यामधला काळा रंग अजून शाबूत आहे. छपाईची अक्षरं भिंगाखालीही कापल्यासारखी धारदार आहेत.

"पण जुनं दिसतंय हो."

"जुनंच आहे ताई. तुमच्या वडिलांचं आहे."

मशीन उघडलं. मुख्य स्प्रिंग ठीक, गिअर स्वच्छ, पण पडल्यामुळे बॅलन्स स्टाफचं टोक तुटलेलं. पॅराशॉक ही सिटिझनची धक्का सोसणारी रचना त्यात आहे, पण तेल वाळून गेलेलं असलं की तीही काय करणार? स्टाफ मिळेपर्यंत घड्याळ बंद. डायलचा निर्णय मी त्यांच्यावर सोडला. विचार करून फोन करते म्हणाल्या. पावतीवर लिहिलं: एचएमटी पायलट, मूळ डायल, मूळ काटे, बॅलन्स स्टाफ तुटलेला. 'मूळ' हा शब्द मी मुद्दाम ठळक लिहितो.

दोन

ज्वारीची भाकरी, एण्णगायी म्हणजे भरलं वांगं, दही. दुकान बंद करत नाही, आतल्या बाजूला बसून जेवतो.

तीन

विद्यानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी येतो. घड्याळांचं वेड लागलेलं आहे आणि ते वेड मला आवडतं. त्याच्या हातात टिसो पीआरएक्स, खरं, पहिल्या पगारातून भावाने घेऊन दिलेलं. पट्ट्याच्या दोन कड्या काढायच्या आहेत. काम दहा मिनिटांचं, बसतो तासभर.

त्याचा आक्षेप असा: कंपन्यासुद्धा जुन्याचीच नक्कल करतात ना? पीआरएक्स हे 1978 चं घड्याळ, ते 2021 मध्ये पुन्हा काढलं. सीकोचा 1996 चा एसकेएक्स बंद केला आणि 2019 मध्ये सीको 5 स्पोर्ट्स म्हणून जवळपास तसाच आणला. रोलेक्सचा सबमरीनर 1953 पासून एकच चेहरा घेऊन फिरतोय. फावर ल्यूबा टायटनकडे होती, मग इथॉसच्या घराण्यात गेली, आणि 2024 मध्ये जुनीच नावं घेऊन पुन्हा बाजारात आली.

प्रश्न चांगला आहे, आणि माझं उत्तर टेबलावरून येतं. मूळ कंपनी जेव्हा रूप बदलते तेव्हा बदलामागे कारण असतं, आणि ते कारण झाकण उघडलं की दिसतं. 2020 मध्ये सबमरीनर 40 वरून 41 मिलिमीटरचा झाला. पट्टा जिथे बसतो ती शिंगं सडपातळ झाली, कारण आधीच्या रूपात ती जाड झाली आहेत अशी ओरड होती. आतलं मशीनही बदललं. आधीचं पूर्ण चावी दिल्यावर साधारण 48 तास चालायचं, हे 70 तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी चालू सापडतं. सीकोच्या बदलात तर दिलं आणि घेतलं दोन्ही आहे: नव्या मशीनला हाताने चावी देता येते, वेळ लावताना सेकंदकाटा थांबतो, पण पाणी सोसायची ताकद 200 मीटरवरून 100 वर आली. मला ते घेतलेलं खटकतं, मी त्याला तसं सांगितलंही. पण कंपनीने ते उघड लिहिलं आहे, लपवलेलं नाही.

नक्कल करणाऱ्याने 2020 नंतर काय केलं? शिंगं सडपातळ केली, व्यास 41 केला, आणि सकाळच्या त्या मुलाच्या घड्याळात आतलं मशीन मात्र तेच ठेवलं. चेहरा बदलला, कारण आलंच नाही.

आणि जुन्या मशीनची रचना पुन्हा वापरणं ही चोरी नाही, हेही त्याला सांगायला हवं होतं. ईटीए 2824 या स्विस मशीनची पेटंटं संपली तेव्हा स्वित्झर्लंडच्याच सेलिटाने एसडब्ल्यू 200 काढलं, चीनच्या सीगलने एसटी 2130 काढलं. दोन्ही आपापल्या नावाने विकतात. सीगलच्या मशीनचं प्रामाणिक चिनी घड्याळ माझ्याकडे आलं तर मी आनंदाने सर्व्हिसिंग घेतो, भाग मिळतात, मशीन चांगलं आहे. तेच मशीन रोलेक्सच्या खोट्या मुकुटाखाली आलं की माझा हात थांबतो.

मुलगा म्हणाला, "पण काका, खरं रोलेक्स घ्यायची ऐपत आपल्या गावात किती जणांची?"

मोजक्यांची. म्हणूनच मला वाटतं की आपल्याकडे ऐपतीतलं खरं घड्याळ मिळतं याचा लोकांनी अभिमान धरावा. टाटा आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी 1984 मध्ये टायटन उभी केली; होसूरचा कारखाना कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. 2002 चं टायटन एज घ्या: पूर्ण घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाड, आतलं मशीन 1.15 मिलिमीटर. त्या काळी असं घड्याळ भारतात घडेल असं कुणी मला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. साखरपुड्याला खरी सोनाटा दिली तरी नवरदेवाचा मान कमी होत नाही. नकली रोलेक्सने होतो, फक्त तो उशिरा कळतो.

साडेचार

बेंगेरीच्या खादी केंद्रात काम करणाऱ्या एक बाई भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन बदलून न्यायला येतात. भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र मिळालेला खादीचा राष्ट्रध्वज तिथे शिवला जातो. धाग्यांची संख्या, रंग, चक्राचे आरे, शिलाई, सगळं तपासूनच बाहेर जातं. एका ठिकाणी फरक निघाला तर तो माल नापास. 2021 च्या डिसेंबरमध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली, तेव्हापासून कामाची काळजी वाटते, म्हणाल्या. त्यांना माझं म्हणणं समजावून सांगावं लागत नाही. मशीन बदलून दिलं, वाट बघत बसल्या होत्या म्हणून पैसे थोडे कमी घेतले.

साडेपाच

पोराला दुकानात बसवून चिगरी बसमध्ये चढलो. हुबळी ते धारवाड बावीस किलोमीटर, बस स्वतःच्या मार्गिकेतून जाते म्हणून वेळेचा भरवसा असतो. मालमड्डीत एका प्राध्यापकांच्या घरी बोलावणं आहे. सर गेले, त्यांनी जमवलेली घड्याळं काकूंना आणि त्यांच्या मुलीला विकायची आहेत. कुणीतरी फोटो बघून सगळ्यांचा एकच भाव सांगितला आहे.

मालमड्डीची ती जुनी घरं, पुढे अंगण, तुळस, आणि आत पुस्तकांचा वास. चहा आणि पेढा समोर ठेवून काकूंनी बिस्किटांचा डबा उघडला.

चादर पसरून दोन रांगा केल्या. डावीकडे एचएमटी कांचन, ऑटोमॅटिक. एकेकाळी लग्नात जावयाला हेच द्यायचे. डायलवर चांदीची झाक तशीच. सीको 5, झाकणावरचा क्रमांक आणि डायलचा क्रमांक एकमेकांशी जुळणारे. एक जनता, 'जनता' हे नाव देवनागरीत छापलेलं. ते बघून मला हसू आवरेना. उजवीकडे फावर ल्यूबा सी चीफ, मशीन खरं आणि छान, पण डायल रंगवलेला. अक्षरांच्या कडा पिसासारख्या सुटलेल्या. आणि दोन पायलट, एक पिवळा आणि एक गडद लाल.

"सर हे हौसेने घेऊन आले होते," काकू म्हणाल्या. "लाल तर रोज घालायचे."

लाल रंग त्यांना आवडत होता, ती आवड खरी आहे. तिला धक्का लावायचं मला काही कारण नाही. पण विकताना घेणाऱ्याला सांगावं लागेल की डायल कारखान्याचा नाही. काकूंनी लगेच मान हलवली. शिक्षकाच्या घरात हे पटवायला वेळ लागत नाही.

प्रत्येक घड्याळाला चिठ्ठी बांधली. काय मूळ, काय बदललेलं, काय चालू. डावीकडच्या तिन्हींचे भाव वेगवेगळे लिहून दिले. फोटोवरच्या भावाने कांचन आणि जनता दोन्ही फुकट गेली असती. मुलगी म्हणाली, जनता आपण ठेवू. काकू काही बोलल्या नाहीत, तिच्याकडे सरकवलं फक्त. लाल पायलटही घरातच राहणार, तेही ठरलं.

पिवळ्याकडे मात्र माझं लक्ष दुपारच्या ताईंच्या पायलटमुळे गेलं होतं. झाकण उघडलं. रंगवणाऱ्याने आतल्या मशीनला हात लावलेला नाही. एचएमटीचं सतरा ज्वेलचं मशीन, बॅलन्स मोकळा फिरतो, दोन्ही टोकं शाबूत. काकूंना विचारलं, हे मला सुट्या भागांसाठी द्याल का, डायल बाजूला टाकून. किंमत सांगितली, पैसे दिले, पावतीवर लिहिलं: पायलट, डायल नंतरचा, भागांसाठी.

आठ

परतीच्या चिगरीत बसायला जागा मिळाली. उणकलचा तलाव मागे पडला तेव्हा केशवापूरच्या ताईंचा फोन आला. त्यांनी दुपारी घरी सगळ्यांना विचारलं होतं. भावाला निळा डायल हवा आहे, त्यांना स्वतःला तोच जुना.

"बॅलन्स मिळालाय," मी म्हटलं. "मूळ एचएमटीचाच. पूर्ण बॅलन्स बसवतो, काच नवी घालतो, डायलला हात लावत नाही. भावाला निळं हवंच असेल तर त्याच्यासाठी टायटनचं निळं नवं घ्या, दुकानातून, गॅरंटी कार्डासकट."

"मग भाऊ ऐकेल. बुधवारी येऊ का?"

"गुरुवारी या. एक रात्र पेटीत ठेवल्याशिवाय देत नाही."